श्रीधरकाका आणि त्यांचा पाथरवट

काका, मंडळाच्या लोकांनी सांगितलं, तुमच्याबद्दल चार शब्द लिहून दे. मी बसले, आणि पहिल्याच वाक्याला तुम्ही आडवे आलात. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, अमेरिकेत कधी आले, कुठले पूल बांधले. हे सगळं लिहायला घेतलं असतं तर तुम्ही हात हलवून म्हणाला असता, ‘पुढच्या पानावर जा, मुग्धा, हे कुणी वाचत नाही.’ म्हणून ते बाजूला ठेवलं. थेट तुमच्याशीच बोलते.

आपली ओळख झाली तेव्हा मी मॉरिसव्हिलमध्ये नवीन होते. माझ्या नवऱ्याला, मंदारला इथे नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, आणि माझा व्हिसा असा, की मला काम करायची परवानगी नाही. पुण्यात माझी स्वतःची टीम होती. इथे सकाळी मंदार गेला की घरात मी आणि डिशवॉशर. गाडी चालवायला नुकतीच शिकले होते, पण जायचं कुठे? गणपतीच्या कार्यक्रमात एका शाळेच्या कॅफेटेरियात मी मोदकाची प्लेट घेऊन कडेला उभी होते, आणि तुम्ही समोर येऊन, नाव-गाव काही न विचारता म्हणालात, “तुला मराठी टाइप करता येतं का?”

“येतं.”

“ऱ्हस्व-दीर्घ?”

“बऱ्यापैकी.”

“बऱ्यापैकी म्हणजे नाही. तरी ये. गुरुवारी सकाळी.”

शैलाकाकू मागून धावत आल्या. “अगं, घाबरू नकोस. हे पुस्तक लिहितायत. अठराव्या शतकातल्या कुणा इंग्रजावर. तो लोकांचे पुतळे करायचा. मुलगी दिसली की हे असंच विचारतात, आणि मुली पळून जातात.”

मी पळाले नाही. गुरुवारी दुसरं काही नव्हतंच.

त्या पहिल्या गुरुवारी तुम्ही मला तुमच्या डोळ्यांचं सांगितलंत. नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. “तुझे कान मला दिसतात,” तुम्ही म्हणालात, “चेहरा नाही. कानांवरून वाटतं, बरी मुलगी असावीस.” मी हसले. मग लक्षात आलं, की हा माणूस चेहरे कोरणाऱ्या माणसावर लिहितोय आणि याला आता चेहरे दिसत नाहीत. ते मी बोलले नाही. तुम्हीही कधी त्याचं भांडवल केलं नाहीत. तुमची घाई मात्र त्या डागामुळेच होती, हे मला लवकरच कळलं.

त्या शिल्पकाराचं नाव तुम्ही पुस्तकात लिहायचात, बोलण्यात कधीच नाही. बोलताना तो ‘आमचा पाथरवट’. काकूंच्या तोंडी ‘तुमच्या काकांचा पाथरवट’. तुमचा मुलगा निखिल फोनवर विचारायचा, “बाबा, हाउ इज युअर स्टोन गाय?” मीही इथे त्याचं नाव लिहीत नाही. आपल्यात तो नावाने कधी वावरलाच नाही.

मंडळातल्या कित्येकांना वाटायचं, काकांना रिटायरमेंटनंतर काहीतरी खूळ लागलंय. त्यांना ही गोष्ट माहीत नव्हती. मला तुम्ही सांगितलीत. तुमचे वडील फोर्टात एका कचेरीत कारकून होते. शाळेला सुट्टी असली की तुम्ही त्यांचा डबा पोचवायला जायचात. एकदा साहेबांनी त्यांना कुठेतरी पाठवलं होतं, आणि वाट बघत तुम्ही जवळच्या जुन्या चर्चमध्ये शिरलात. आत थंड होतं. भिंतीवर संगमरवरात एका गोऱ्या माणसाचा चेहरा होता. कंपनी सरकारचा कुणी अधिकारी, इकडेच तापाने मेलेला. तुम्ही म्हणालात, “मुग्धा, त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या होत्या. माझ्या वडिलांसारख्या. थकलेल्या माणसाच्या. दगडात कुणी थकवा कसा कोरला असेल, हे मला तेव्हापासून कळत नाही.” खाली कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव होतं. ते तुम्ही डोक्यात घेऊन घरी गेलात. पुढे इंजिनिअर झालात, इथे आलात, आयुष्यभर पुलांचे नकाशे काढलेत, आणि निवृत्त झाल्यावर त्या नावाच्या मागे लागलात.

मग गुरुवार-गुरुवार तो माणूस माझ्याही ओळखीचा झाला. उत्तर इंग्लंडातल्या एका गवंड्याचा मुलगा. पोरवयात लंडनला एका कारखान्यात लागला. तिथे श्रीमंतांच्या घरातल्या शेकोट्यांच्या चौकटी कोरायचे. कित्येक वर्षं त्याने नुसती द्राक्षं आणि पानं कोरली. मग कारखान्याचा मालक आजारी पडला आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरचा अर्धपुतळा अर्धाच राहिला. तो याने पूर्ण केला आणि त्याचं नाव झालं. मग तो रोमला गेला. पोट भरायला जुन्या पुतळ्यांच्या नकला करून विकल्या, परत आला, स्वतःचा कारखाना काढला. त्या काळात लंडनच्या मोठ्या लोकांना आपण रोमन सरदार दिसावं असं वाटायचं. अंगावर ते रोमन वस्त्र, नजर लांब कुठेतरी. आमचा पाथरवट मात्र त्यांना घरच्या टोपीत बसवायचा. वर केसांचा टोप नाही, सदऱ्याचं वरचं बटण सुटलेलं. काहींना ते आवडलं. पुष्कळांना नाही.

तुम्ही हे सांगताना उठून उभे राहायचात. माती कशी थापायची, त्यावरून प्लास्टरचा साचा कसा घ्यायचा, मग त्या साच्यावरची मापं कंपासने दगडावर कशी उतरवायची. काकूंच्या भाकरीच्या पिठावर एकदा प्रात्यक्षिक दाखवलंत. काकू म्हणाल्या, “अहो, ते नाक जेवायचंय आपल्याला.”

आपलं पहिलं मोठं भांडण त्या फोर्टातल्या चेहऱ्यावरूनच झालं. पाथरवटाचे उतारवयातले बरेच पुतळे कंपनीच्या लोकांचे आहेत. त्यांच्या बायका आणि भाऊ लंडनला जाऊन स्मारकं करायला सांगायचे, आणि ती जहाजाने मुंबईला, मद्रासला यायची. ते प्रकरण टाइप करताना मी थांबले.

“काका, ही माणसं आपल्याकडे लूट करायला आली होती. आणि आपण त्यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्यांचं कौतुक करतोय?”

“लूट झाली हेही लिहिलंय. मागचं पान बघ.”

“लिहिलंय, पण पिशव्यांवर जास्त लिहिलंय.”

तुम्ही चिडलात. “पिशव्या कंपनीच्या नव्हत्या ग. त्या त्या माणसाच्या होत्या.”

“माणूस कंपनीचा होता ना?”

काकूंनी चहा आणला, दोघांकडे बघितलं आणि ट्रे ठेवून निघून गेल्या. त्या दिवशी पुढे एक ओळ झाली नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही एक नवीन परिच्छेद सांगितलात. हा चेहरा पाथरवटाने कधी पाहिलाच नव्हता. माणूस मुंबईत मेला, त्याच्या विधवेने एक छोटंसं रंगीत चित्र पाठवलं, त्यावरून केला. चित्रात पिशव्या नाहीत. म्हणजे त्या एक तर बायकोने सांगितल्या, नाहीतर पाथरवटाने आपल्या मनाने घातल्या. मी म्हटलं, “मग लिहा ना, की बायकोने सांगितल्या. किती छान होईल.” तुम्ही म्हणालात, “कुणी सांगितल्या ते मला माहीत नाही. जिथे भार माहीत नाही, तिथे मी खांब आखत नाही. लिही, माहीत नाही.”

तुमच्या पुस्तकात ‘माहीत नाही’ इतक्या ठिकाणी आहे, की मी तुम्हाला त्यावरून चिडवायचे. पण लुटीचा प्रश्न तुम्ही सोडला नाहीत. त्या प्रकरणाला पुन्हा पुन्हा हात घातलात. शेवटपर्यंत आपलं एकमत झालं नाही. मला अजून वाटतं, पिशव्या जास्त झाल्या. पण तुम्ही मला माझं म्हणणं नीट मांडायला लावलंत, आणि ते प्रकरणाच्या शेवटी ‘माझ्या एका सहकारी वाचकाचं मत असं’ म्हणून छापायला घेतलंत. सहकारी! त्या शब्दाने मला काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. या देशात माझ्या कागदांवर मी कुणाची तरी डिपेंडंट होते. तुमच्या कागदावर सहकारी होते.

मग तो व्हर्जिनियाचा प्रवास. तिथल्या एका संग्रहालयात पाथरवटाचा एक अर्धपुतळा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. कधीकाळी डोळे चांगले असताना तुम्ही तो पाहिलाही होता. आता पुन्हा बघायचा होता, पण दिसणार कसा? मी संग्रहालयाला ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं, की अंध प्रेक्षकांसाठी काही वस्तू हात लावून बघायची सोय करता येते, आधी वेळ ठरवून या. तुम्ही म्हणालात, “मी अंध नाही. मला कान दिसतात.” काकू म्हणाल्या, “अहो, हात लावू देतायत ना? मग व्हा की एक दिवस अंध.”

आय-पंच्याऐंशी हायवेवर तोपर्यंत मी कधी इतकं लांब गेले नव्हते. प्रत्येक ट्रक शेजारून गेला की माझे हात घट्ट व्हायचे. तुम्ही शेजारी बसून पुलांची नावं सांगत होतात, कुठला कुठल्या पद्धतीचा, कुठल्यावरून गाडी हलकेच उडते. काकू मागच्या सीटवर थालीपीठ घेऊन. तुमच्या त्या बडबडीमुळे मी निभावलं. तिथून परत आल्यावर मला या देशात कुठेही गाडी घेऊन जायची भीती राहिली नाही.

संग्रहालयातल्या जतन विभागाच्या बाईंनी तुम्हाला पातळ हातमोजे दिले. पुतळा एका म्हाताऱ्या वैद्याचा. घरची टोपी, सुटलेलं बटण. तुम्ही आधी कपाळाला हात लावलात, मग भुवया, मग डोळ्यांखाली. अंगठे तिथेच राहिले. मला वाटलं, आता तुम्ही रडाल. पण तुम्ही नुसतं “हं” म्हणालात, एखादा हिशेब जुळल्यासारखं. मग कानामागून हात पाठीमागे गेले आणि तुमचा चेहरा बदलला.

“मुग्धा, मागे ये. बघ.”

मागून पुतळा पोकळ होता. पाठीचा दगड आत खणून काढलेला, वजन कमी व्हावं म्हणून. पुढचं सगळं गुळगुळीत, आणि मागे छिन्नीचे ओबडधोबड चरे, शेतात नांगर फिरवल्यासारखे. मधोमध दगडाचा एक उभा कणा ठेवलेला, डोक्याचं वजन पेलायला.

“खांब,” तुम्ही म्हणालात. “खांब ठेवलाय बघ गड्याने. आणि बरोब्बर ठेवलाय. मी असतो तरी इथेच ठेवला असता.” तुम्ही मोठ्याने हसलात. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. जतनवाल्या बाई म्हणाल्या, इतकी वर्षं मी हा पुतळा साफ करते, मागच्या बाजूला बघून हसलेला माणूस पहिल्यांदा बघितला. तुम्ही त्यांना इंग्रजीत समजावलंत, की पुढचा भाग घासून-पुसून त्याच्या हाताखालच्या लोकांनीही केला असेल, कोण जाणे. पण मागे कुणी बघणार नाही म्हणून कुणी पॉलिश केलं नाही. हे चरे छिन्नी जिथे थांबली तिथे थांबलेत. त्या बाईंनी स्वतःही हात घालून बघितलं. परतीच्या वाटेवर तुम्ही झोपलात आणि काकू हळूच मला म्हणाल्या, “यांना इतकं खुशीत मी निखिल झाला तेव्हा बघितलं होतं.”

निखिलचा विषय निघाला म्हणून ते दुसरं भांडण. ते माझं-तुमचं कमी आणि तुमचं-त्याचं जास्त. निखिल शार्लटला फिजिओथेरपिस्ट. प्रेमळ मुलगा, रोज फोन करणारा, पण मराठी वाचता न येणारा. तो म्हणायचा, “बाबा, हू इज इट फॉर? देअर आर मेबी फाइव्ह पीपल. अँड आय कान्ट रीड इट.” मलाही त्याचं पटायचं. मीही म्हटलं, “काका, इंग्रजीत करू या. मी मदत करते.”

तुम्ही म्हणालात, “आयुष्यभर इंग्रजीत रिपोर्ट लिहिले. मला जे जे येत होतं, ते सगळं इंग्रजीत दिलं. ही एक गोष्ट मी मराठीत बघितली होती, डबा हातात घेऊन. ती त्याच भाषेत लिहू दे ना.”

निखिलला हे मी सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. तो नाराजच राहिला, आणि तुम्हाला ते लागत होतं, हे मला दिसत होतं.

मग तुमचं हृदय थकत गेलं. हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी घरीच ठेवा असं सांगितलं. पलंग दिवाणखान्यात आणला. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तुम्ही सांगायचात, मी लिहायचे, मध्येच श्वास घ्यायला थांबायचात. म्हातारपणी पाथरवटाचे हात कापायला लागले. लोकांना नवी फॅशन हवी होती, कामं तरुण माणसांकडे गेली. तो गेला तेव्हा अंगणात काही अर्धे चेहरे पडून होते.

त्या दुपारी निखिल आला होता. तो तुमच्या पायाशी बसला होता, पाय चोळत. प्रकरण संपलं, तसं तुम्ही म्हणालात, “वाचून दाखव.” मी वाचलं. तो ऐकत होता. किती कळलं असेल कुणास ठाऊक. मी थांबले, तेव्हा तो म्हणाला, “सो व्हॉट हॅपन्ड टु हिम?”

आणि तुम्ही सांगायला लागलात. इंग्रजीत, पहिल्यापासून. गवंड्याचा मुलगा, द्राक्षं, पानं, रोम, टोपी. मध्ये दम लागायचा, तेव्हा तुम्ही माझ्याकडे हात करायचात आणि पुढचं वाक्य मी सांगायचे. खांबाशी आलात, तेव्हा निखिलने हसून विचारलं, “यू ऍक्चुअली टच्ड इट?” काकू आतून म्हणाल्या, “टच्ड? मिठीच मारली.” बाहेर ऊन उतरत गेलं. गोष्ट संपल्यावर निखिलने विचारलं, “बाबा, वॉज ही हॅपी?”

तुम्ही विचार केलात. तशा अवस्थेतही तुम्ही उगाच काहीतरी बोलला नाहीत.

“डोन्ट नो,” तुम्ही म्हणालात. “आय वॉज.”

निखिलने तुमचे पाय धरले. मी कागद गोळा करायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. काकू तिथे ओट्याला टेकून उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी चहा होताना, तुम्ही गेलात.

काका, आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. मी एकदा ‘थँक यू’ म्हटलं होतं, तर तुम्ही म्हणालात, “कशाबद्दल? अजून ऱ्हस्व-दीर्घ सुधारले नाहीत.” मला वर्क परमिट मिळालं, नोकरी लागली, तेव्हा सगळ्यात आधी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही विचारलंत, “गुरुवारची सुट्टी देतील का?” सकाळची वेळ मागून घेतली, मिळाली. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं होतं, मधली वर्षं काय केलं. मी म्हटलं, एका लेखकाबरोबर काम करत होते. हे सांगताना माझा आवाज जरासुद्धा खाली गेला नाही. ते तुमच्यामुळे, काका. त्या वर्षांकडे मी रिकामी वर्षं म्हणून बघू शकले असते. एका इंग्रज पाथरवटाच्या निमित्ताने तुम्ही ती भरून दिलीत.

पुस्तक पुण्याला छापायला जाईल. निखिलने स्वतः प्रेसवाल्यांशी फोनवर बोलणं केलं, मोडक्या मराठीत. मला म्हणाला, “मुग्धाताई, मला पण अक्षरं शिकव.” शिकवते आहे. ‘क्ष’ला मात्र कंटाळतो.

आणि काल काकूंचा फोन आला. म्हणाल्या, “गुरुवार आहे ना उद्या? ये.” मला वाटलं, त्यांना एकटेपणा वाटत असेल. गेले. त्या तुमच्या खुर्चीत नाही, माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. मला तुमच्या खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, “इतकी वर्षं मी चहा आणला आणि आत गेले. तुकडे तुकडे कानावर पडले. आता मला पहिल्या पानापासून नीट वाचून दाखव.”

मी वाचलं. त्या मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. पहिलं प्रकरण संपलं. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय ग यांनी. मी कधी म्हटलंच नाही.”

म्हणून हे लिहायला बसले, काका. काकूंचा निरोप आहे. चांगलं लिहिलंय.